कडधान्य अंगी लागावे म्हणून

श्रावण सुरू झाला की कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्याच्या कितीतरी घरांत वालाचे बिरडे होतेच. हा पदार्थ आयत्या वेळी होत नाही. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, ते पाणी ओतून द्यायचे, दाणे निथळून फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे. मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. पांढरी डाळिंबी वाडग्यात पडते, सालांचा ढीग बाजूला होतो. या सगळ्या खटपटीनंतर कुठे पातेल्यात फोडणी पडते.

'कशाला एवढा खटाटोप?' असे कुणी विचारले तर 'नाहीतर कडू लागतात' एवढेच उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. भिजवणे, पाणी टाकणे, मोड आणणे, सोलणे आणि मऊ शिजवणे या पायऱ्यांवर दाण्यातले काही पदार्थ कमी होत जातात. ते जिभेला कडू लागोत वा न लागोत, पोटात गेल्यावर प्रथिने नीट पचू देत नाहीत किंवा लोह, जस्त यांसारखी खनिजे शोषू देत नाहीत. पोषणशास्त्रात त्यांना 'पोषणविरोधी घटक' म्हणतात.

सध्या या घटकांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एकीकडे पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा बघून हिशेब मांडणारे आहेत. कडधान्य कच्चे खाल्ले काय किंवा शिजवून खाल्ले काय, ग्रॅम तेवढेच, असे त्यांना वाटते. दुसरीकडे मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून 'डाळींमध्ये विष असते' म्हणत वरण-उसळ ताटातून काढून टाकणारे आहेत. दोघांचेही नुकसान होते. ज्या घरात प्रथिनांसाठी मुख्य भरवसा डाळी-कडधान्यांवरच असतो, तिथे तर ते अधिक होते.

ताटातले किती, अंगी किती?

मुगाच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. एका वाटी वरणासाठी साधारण ३० ग्रॅम कोरडी डाळ लागते असे धरले, तर त्या वाटीत सात ग्रॅम प्रथिने आली. हा झाला ताटातला हिशेब. शरीराचा हिशेब वेगळा असतो. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. जठर आणि स्वादुपिंडातून येणारे पाचक एन्झाइम या माळा तोडतात. सुटे झालेले मणी लहान आतड्यातून रक्तात जातात. जेवढा भाग तोडला गेला नाही तो मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू तो वापरतात आणि स्नायू, रक्त, त्वचा यांच्या बांधणीला त्याचा उपयोग होत नाही. खाल्लेल्यातला किती भाग शोषला गेला, त्या प्रमाणाला पचनीयता म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या जुन्या तक्त्यांत अंड्याच्या प्रथिनांची पचनीयता ९७ टक्के, तर घेवड्यासारख्या शेंगवर्गीय दाण्यांची ७८ टक्के दिलेली आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याहून काटेकोर पद्धत वापरली. हायड्रोजनचा जड प्रकार असलेले पाणी घालून त्यांनी कडधान्यांची रोपे वाढवली, म्हणजे दाण्यातल्या प्रथिनांवर जणू खूण उमटली. असे दाणे शिजवून भारतीय स्वयंसेवकांना खायला दिले आणि खूण असलेली अमिनो आम्ले रक्तात किती उतरतात ते मोजले. शरीराला स्वतः बनवता न येणाऱ्या आवश्यक अमिनो आम्लांपैकी सालीसकट मुगातली साठ टक्क्यांहून थोडी अधिकच शोषली गेली. साल काढलेल्या मुगाचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. उकडलेल्या अंड्याचे प्रमाण अशाच पद्धतीने मोजले असता नव्वदच्या घरात निघाले.

म्हणजे वाटीभर वरणातल्या सात ग्रॅमपैकी अंगी लागतात ती पाच ग्रॅमच्या आसपास. हे ऐकून वरण सोडायचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी चांगल्या प्रतीच्या प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम ठरवले. आहार मुख्यतः धान्यांचा असेल, तर हेच प्रमाण एक ग्रॅमपर्यंत न्यावे लागते. ५० किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा फरक ४२ आणि ५० ग्रॅम असा पडतो. दूध, अंडी, मासे रोज परवडणाऱ्या घरात तो सहज भरून निघतो. जिथे भाकरी, भात आणि पातळ आमटी यांवरच भागते, तिथे डाळ कशी शिजते यालाही महत्त्व येते.

दाणा स्वतःचे रक्षण करतो

मुळात दाण्यात हे अडथळे असतातच कशाला? कडधान्याचा दाणा माणसाने खावा म्हणून तयार होत नाही. तो पुढच्या रोपाचे बीज असतो. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. जमिनीत किंवा कणगीत पडून राहायचे, किडे, बुरशी, पक्षी, जनावरे यांच्यापासून वाचायचे आणि पाऊस पडला की रुजायचे, एवढे त्याचे काम. त्यासाठी प्रथिने आणि फॉस्फरस यांची शिदोरी तो बरोबर घेतो आणि तिच्यावर रसायनांचा पहारा बसवतो. किड्याचे पोट बिघडवणारे हेच पदार्थ माणसाच्याही पोटात आपले काम करू पाहतात.

यातला पहिला पहारेकरी म्हणजे ट्रिप्सिनरोधक. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडातून येणारा, प्रथिने तोडणारा महत्त्वाचा एन्झाइम. दाण्यातला रोधक त्याला कुलपात किल्ली अडकावी तसा घट्ट पकडतो. एन्झाइम निकामी झाला की प्रथिने अर्धवट तुटतात. कमी पडलेला एन्झाइम भरून काढायला स्वादुपिंड आणखी स्राव सोडते. एन्झाइम स्वतः प्रथिनांचेच बनलेले असल्यामुळे शरीराची स्वतःची प्रथिनेही त्यात खर्ची पडतात. प्रयोगशाळेत कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांचे स्वादुपिंड मोठे झालेले दिसते, ते यामुळेच.

सोयाबीनची ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्या सोयाबीनवर मात्र चांगले वाढतात. प्रथिने दोन्हींत तेवढीच होती. फरक होता तो उष्णतेचा. पुढे १९४०च्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला ट्रिप्सिनरोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला आणि कोडे सुटले.

दुसरा पहारेकरी टॅनिन. चहाला आणि कच्च्या सुपारीला जो तुरटपणा असतो, तो या गटातल्या पदार्थांचा. कडधान्यांत ती मुख्यतः सालीत असतात आणि गडद रंगाच्या सालीत सहसा जास्त. ती प्रथिनांना चिकटून त्यांचे न पचणारे गठ्ठे बनवतात आणि लोहही अडवून ठेवतात.

तिसरा फायटेट. खरे तर हा पहारेकरी नव्हे, कोठावळा. रोपाला लागणारा फॉस्फरस या रूपात साठवलेला असतो. पण त्याच्या अंगी लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवायची खोड आहे. त्याने धरलेली खनिजे आतड्यातून आत न जाता तशीच बाहेर पडतात.

चौथा लेक्टिन. ही प्रथिनेच, पण आतड्याच्या अस्तरावरच्या शर्करांना चिकटणारी. राजम्यात ती सर्वाधिक असतात. आणि पाचवा गट रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांचा. त्या तोडणारा एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतो. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पावट्याची उसळ खाल्ल्यावर पोट गुबारते त्यामागचे कारण हे.

शिराझजवळच्या गावांत काय दिसले?

फायटेटचा परिणाम किती दूरवर पोचू शकतो, हे मूळच्या बिहारमधल्या बक्सरच्या एका डॉक्टरांमुळे जगाला कळले. डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे काम करत होते. त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढाच होता. वाढ खुंटलेली, वयात आल्याच्या खुणा नाहीत, अंगात रक्त कमी. त्याच्या खाण्यात मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी होती, मांस जवळपास नव्हतेच, शिवाय माती खाण्याची सवय. आसपासच्या गावांतून असेच आणखी रुग्ण सापडले. नुसत्या लोहाच्या कमतरतेने हे घडणार नाही, जस्तही कमी पडत असावे, असा तर्क त्यांनी १९६१ मध्ये मांडला आणि पुढच्या दोन वर्षांत इजिप्तमधल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून तो पुराव्याने सिद्ध केला. त्या न आंबवलेल्या रोटीतले फायटेट जस्ताला अडवत होते. तोपर्यंत माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हेच मान्य नव्हते. आज मुलांना जुलाब झाल्यावर मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाबरोबर जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात, त्या मार्गाची सुरुवात तिथून झाली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. याला कारणे अनेक आहेत. मुळात लोह कमी पोटात जाणे, मासिक पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत, वारंवार होणारे आजार. पण शाकाहारी ताटातले लोह आधीच कमी शोषले जाते आणि त्यात फायटेट व टॅनिनची भर पडते, हेही त्यातले एक कारण आहे. आणि ते बरेचसे स्वयंपाकघरात हाताळता येण्यासारखे आहे.

स्वयंपाकघरातले उपाय

भिजवणे हा सर्वांत सोपा उपाय. आठ-दहा तास भिजवले की पाण्यात विरघळणारी टॅनिन, वायू करणाऱ्या शर्करा आणि फायटेटचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवले, तर पोटाचा त्रास कमी होतो. पाण्याबरोबर थोडी ब जीवनसत्त्वे आणि खनिजेही जातात, हे खरे. पण राजमा, छोले, वाल, सोयाबीन यांच्या बाबतीत हा सौदा फायद्याचाच ठरतो. भिजवलेला दाणा शिजायलाही कमी वेळ आणि कमी गॅस घेतो.

मोड आणणे ही त्यापुढची पायरी. ओल आणि ऊब मिळाली की दाण्याला वाटते, रुजायची वेळ झाली. मग तो आपलीच कोठारे उघडू लागतो. फायटेज हा एन्झाइम जागा होऊन फायटेट तोडतो आणि अडकलेली खनिजे मोकळी होतात. रॅफिनोज गटातल्या शर्करा कोंबाच्या वाढीला लागतात. साठवणीच्या प्रथिनांचे लहान तुकडे पडू लागतात. क जीवनसत्त्व कोरड्या दाण्यात नसल्यासारखेच असते, ते मोडात तयार होते आणि लोह शोषायला मदत करते. मटकीची उसळ म्हणूनच नुसत्या शिजवलेल्या मटकीपेक्षा सरस.

मात्र मोड आले म्हणजे दाणा कच्चा खायला सुरक्षित झाला असे नाही. ट्रिप्सिनरोधक मोड आल्यावर कमी होतात, संपत नाहीत. दुसरे म्हणजे, ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड येतात त्यातच जिवाणूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई कोलाय या जिवाणूच्या घातक प्रकाराची साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. शोध घेत तपास पोचला तो मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मोड वाफवूनच खावेत. इतरांनीही तसेच करणे शहाणपणाचे.

साल काढणे म्हणजे टॅनिनचे कोठार बाजूला करणे. बेंगळुरूच्या प्रयोगात मुगाची साल गेल्यावर पचनीयता वाढली, ती याच दिशेची गोष्ट. पण सालीत तंतूही असतात. मधुमेह, बद्धकोष्ठता असलेल्यांना सालीसकट उसळ बरी, तर अशक्त रुग्ण आणि लहान बाळ यांना धुतलेली मूगडाळ बरी. घरोघरी आजारातून उठलेल्याला मूगडाळीचीच खिचडी मिळते, त्यात मोठा अर्थ आहे.

आंबवण्यात जिवाणू कामाला लागतात. इडली-डोशाचे पीठ रात्रभर फुगते तेव्हा लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू पीठ आंबट करतात. त्या आंबटपणात फायटेट तोडणारे एन्झाइम जोमाने चालतात. ढोकळा, आंबोळी, नाचणीची आंबील यांत हेच घडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते शिजवणे. ओल्या उष्णतेने ट्रिप्सिनरोधकांची आणि लेक्टिनांची घडी मोडते. कुलूप वितळले की किल्ली सुटते. साठवणीच्या प्रथिनांच्या घट्ट गुंडाळ्याही उलगडतात आणि पाचक एन्झाइमना आत शिरायला वाट मिळते. प्रेशर कुकरमध्ये तापमान उकळत्या पाण्याच्या १०० अंशांवरून १२० अंशांच्या जवळ जाते, त्यामुळे काम लवकर आणि पुरते होते. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे, ही घरगुती कसोटी अगदी योग्य. जुन्या, दमट जागेत साठवलेल्या कडधान्यात शिजूनही टणक राहणारे दाणे निघतात. आपल्याकडे त्यांना गणंग म्हणतात. ते वेचून टाकावेत. लवकर शिजावे म्हणून भसाभस सोडा घालण्याची सवय मात्र वाईट. सोड्याने दाणा मऊ होतो, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

राजमा आणि सोयाबीन : दोन इशारे

लेक्टिनांबाबत राजमा सर्वांत नाठाळ. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ब्रिटनमध्ये १९७० आणि ८०च्या दशकांत अशा घटना नोंदल्या गेल्या. बरेच जण राजमा नुसता भिजवून सॅलडमध्ये घालत किंवा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात शिजवत. अशा भांड्यात आतले तापमान कधी कधी ८० अंशांच्या वर जातच नाही. त्या तापमानाला लेक्टिन नष्ट तर होत नाहीच, उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रास देऊ शकतो. उपाय साधा आहे. किमान पाच तास भिजवायचे, पाणी टाकायचे आणि ताज्या पाण्यात खळखळून अर्धा तास तरी उकळायचे. आपल्याकडचा कुकर हे काम बिनबोभाट करतो. म्हणून राजमा-चावल खाऊन कुणी आजारी पडल्याचे सहसा ऐकू येत नाही.

सोयाबीनची अडचण वेगळ्या वाटेने घरात येते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन हे मोठे पीक. 'पौष्टिक पोळ्या' म्हणून गव्हात मूठ-दोन मुठी कच्चे सोयाबीन टाकून दळण आणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला, पण पोळी तव्यावर एक-दोन मिनिटेच असते आणि ती उष्णताही बरीचशी कोरडी. तेवढ्याने सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक पुरते मोडत नाहीत. पोट जड होणे, वायू धरणे या तक्रारी तिथून सुरू होतात आणि 'आम्हाला सोयाबीन सोसत नाही' असा निष्कर्ष निघतो. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, निथळून, कडक वाळवून मग दळावे. मेहनत एका दिवसाची, पण त्यातली प्रथिने खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात.

लाखोळीची कहाणी

सगळेच घटक एवढ्याने कह्यात येत नाहीत, हे सांगायला विदर्भातली लाखोळी पुरेशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात भात कापणीआधी उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकतात. जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर ती वाढते. पाणी नको, खत नको. दुष्काळात सगळे करपले तरी ती तग धरते. प्रथिनेही भरपूर. पण तिच्यात ओडॅप नावाचे एक अमिनो आम्ल असते. ते चेतापेशींना इजा करते. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून काही महिने खाल्ली गेली, तर पाय ताठरतात, चाल बिघडते, पुढे काठीवाचून उभे राहता येत नाही. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. एकदा आलेले अपंगत्व जात नाही.

इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने मध्य भारतातल्या सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि रोगाने गहू बुडाला, लाखेच्या जातीची ही डाळ तेवढी वाचली. लोकांनी तीच खाल्ली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावची तरणीताठी माणसे पायांनी अधू झाली. स्वतंत्र भारतात १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तरी तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होतच राहिली. ओडॅपचे प्रमाण खूप कमी असलेल्या रतन, प्रतीक, महातिवडा अशा जाती नंतर कृषी शास्त्रज्ञांनी तयार केल्या.

भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर लाखोळीतले ओडॅप बरेच कमी होते. इतर धान्ये, भाज्या यांच्या जोडीने ती थोडी खाल्ली तर धोका फारसा राहत नाही. पण ज्याच्या घरी तिच्याशिवाय दुसरे काही नाही, सरपण मोजके आहे आणि पाणी लांबून आणायचे आहे, त्याला ही पथ्ये कशी पाळता येणार? लाखेने पाय गमावले ते बहुतेक सगळे गरीब होते. दाण्यातले विष आणि ताटातली एकसुरी गरिबी एकत्र आली, तेव्हाच हा रोग फोफावला.

बाळाच्या वाटीत काय पडते?

आज या विषयाचा फटका सर्वांत जास्त बसतो तो सहा महिन्यांपुढच्या बाळांना. वरचे अन्न सुरू करताना 'पचायला हलके' म्हणून डाळीचे वरचे पाणी पाजण्याची रीत गावात आणि शहरात सारखीच आहे. डाळीतली प्रथिने तळाच्या घट्ट भागात राहतात. वरच्या पिवळ्या पाण्यात ती नावालाच असतात. बाळाचे पोट लहान, ते पाण्यानेच भरते आणि आई समजते, बाळ डाळ खाते. त्याऐवजी भिजवलेली मूगडाळ आणि तांदूळ एकत्र गुरगुट्या शिजवून, घोटून, वर तुपाचा थेंब घालून दिले तर तेवढ्याच वाटीत कितीतरी अधिक पोषण जाते. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली नाचणी आणि मूग हेही बाळाला सोसणारे. मोड आलेल्या धान्याचे पीठ शिजवल्यावर पातळ राहते, म्हणून कमी पाण्यात जास्त पीठ बसते. नाचणी सत्त्व करणाऱ्या आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होते.

डाळ आणि भात एकत्र देण्यात आणखी एक फायदा. कडधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मिथिओनिन कमी. तांदूळ-गहू-ज्वारीत नेमके उलटे. वरण-भात, खिचडी, थालीपिठाची भाजणी, पुरणपोळी यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

भीती नको, रीत हवी

मग हे सगळे घटक वाईटच का? तसेही नाही. वायू करणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचे खाद्य आहेत. फायटेट आणि टॅनिनसारख्या पदार्थांचे काही चांगले गुणही संशोधनात दिसले आहेत. चौरस आहार घेणाऱ्याला त्यांच्या थोड्या प्रमाणाने काही बिघडत नाही. नीट शिजवलेल्या डाळीत लेक्टिनचा धोका उरत नाही. म्हणून लेक्टिनच्या भीतीने वरण सोडणे म्हणजे काट्याच्या भीतीने मासे सोडण्यासारखे. काटा काढता येतो.

रोजच्या वापरासाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. अख्खी कडधान्ये रात्रभर भिजवावीत आणि ते पाणी टाकावे. जमेल तेव्हा मोड आणावेत, पण वाफवून खावेत. राजमा आणि सोयाबीन कधीही अर्धकच्चे खाऊ नयेत. उसळीवर, वरणावर लिंबू पिळावे, कारण त्यातले क जीवनसत्त्व फायटेटचा जोर मोडून लोहाला वाट करून देते. जेवताना किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये. त्यातली टॅनिन लोहाला अडवतात. मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. आणि बाळाला डाळीचे पाणी नव्हे, डाळ द्यावी.

यांतल्या कशालाही जास्तीचे पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ आणि आदल्या रात्रीची आठवण. घराबाहेरची नोकरी, लांबचा प्रवास आणि घरी परतल्यावर गॅससमोर उभे राहणारी एकच व्यक्ती, अशा घरात तो वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खराच आहे. झोपण्याआधी मूठभर मटकी पाण्यात टाकणे हे काम घरातल्या कुणालाही जमण्यासारखे आहे. बिरड्याचे वाल सोलायला पूर्वी आजीभोवती सगळे घर बसायचे. त्या सालींच्या ढिगाबरोबर घरातल्या प्रत्येकाच्या वाटणीचे थोडे जास्तीचे पोषण पदरात पडत होते.